सूतभरचा गुरुवार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे 'सूतभर' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लिफ्ट मजल्यावर थांबली की आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत यायला हवी. बाकीचे मेकॅनिक बोटभर फरक राहिला तरी "चालतंय" म्हणून हात झटकायचे. हा मात्र गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून म्हणायचा, "अजून सूतभर." बत्तीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याच्या देखभालीतल्या लिफ्टच्या दारात कधी कुणी ठेचकाळलं नाही, आणि हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी.

चौपन्नाव्या वर्षी मात्र या माणसाच्या पायाला भिंगरी लागली. काम संपवून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो इमारतीबाहेर पडायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि माघारी वळायचा. वर लिफ्टचं यंत्र असतं त्या मशीनरूमपर्यंत जाऊन यायचा, पुन्हा कोपरा गाठायचा आणि पुन्हा वळायचा. कधी दोनदा, कधी सहादा. घरी जेवताना मध्येच ताटावरून उठायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, ब्रेक बघून येतो. बायकोनं आधी थट्टा केली, मग भांडण केलं, मग त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवणं सोडून दिलं. ती शिवणाच्या वर्गात शिकवायची आणि बाराच्या ठोक्याला तिला झोप लागायची. आता तो परत आल्याचा कडीचा आवाज होईपर्यंत ती छताकडे बघत पडायची.

हे सगळं सुरू झालं त्याला चौदा महिने झाले होते. त्याचा जोडीदार गेला त्याला पण चौदाच. लिफ्टचं मोठं काम जोडीनं करतात. एक जण वर मशीनरूममध्ये, एक खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, आणि बोलणं फोनवर. या दोघांनी अठरा वर्षं असं काम केलं, एकमेकांना शिव्या घालत, एकमेकांचे डबे खात. एका कचेरीच्या इमारतीत काम चालू असताना जोडीदार वर मशीनरूममध्ये पडला. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. कुणाची काही चूक नव्हती. सूतभर तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाला आणि सगळे म्हणाले, बघा, किती सावरलाय.

आता त्या कंपनीतला एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. वर्षातून एकदा लिफ्ट पूर्ण उघडून तपासायची. ज्यानं तपासली त्यानं एका कागदावर सही करायची आणि तो कागद लिफ्टमध्ये लावायचा. सही झाल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. सूतभरच्या सह्या होईनात. साहेबांनी डोक्यावर उभं राहून बहुतेक कागदांवर त्याच्याकडून सह्या करवून घेतल्या. एक राहिला. नऊ मजल्यांच्या एका जुन्या इमारतीची ती लिफ्ट होती. दोर नवे घातले, ब्रेकचे लायनर, म्हणजे घासपट्ट्या, बदलले, सगळं चोख झालं, आणि सही तेवढी होत नव्हती. दहा दिवस लिफ्ट बंद होती.

त्या इमारतीत नवव्या मजल्यावर जोडीदाराची बायको राहायची. सूतभर तिला वहिनी म्हणायचा. वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले. लिफ्ट बंद म्हणजे त्या घरात कोंडलेल्या. भाजी शेजारीण आणून द्यायची. आणि सूतभर एक दिवसाआड नऊ मजले चढून, त्यांच्या दारावरून पुढे जाऊन, गच्चीतल्या मशीनरूममध्ये जायचा आणि तसाच खाली यायचा. चौदा महिन्यांत त्यानं त्यांच्या दारची घंटा एकदाही वाजवली नव्हती.

साहेब वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं की रहिवाशांना सुटा भाग यायचाय असं सांगून त्यांनी महिनाभराची मुदत मिळवली आहे. महिन्यात सही झाली नाही तर ती लिफ्ट दुसरा कुणीतरी पुन्हा उघडेल, आणि सूतभर गोदामात, सुट्या भागांच्या काउंटरवर बसेल. शिवाय कुणा जाणकाराकडून तब्येत ठीक असल्याचा कागद आणलात तर बरं, असंही म्हणाले. गोदाम म्हणजे एक खिडकी, एक रजिस्टर आणि दिवसभर खुर्ची. ज्या माणसाला घरात पंधरा मिनिटं बसवत नाही, त्याला तिथे आठ तास बसवणार होते.

शिवणाच्या वर्गातल्या एका बाईनं बायकोला एका थेरपिस्टचा नंबर दिला होता. तो महिनाभर फ्रीजवर चिकटवलेला होता. सूतभरनं तो उपटला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. त्याची कल्पना अशी, की तपासतील, सही करतील, कागद देतील. आपण लिफ्टला देतो तसा.

फोनवरची बाई दहा मिनिटं बोलली. काय होतंय, केव्हापासून, झोप किती, कसल्या गोळ्या चालू आहेत का, असं तिनं विचारलं. मग त्याच शांत आवाजात, स्वतःला संपवावं असे विचार येतात का, हेही विचारलं. सूतभर चपापला. "तसलं काही नाही हो मॅडम," तो म्हणाला, "ब्रेकचा प्रश्न आहे." तिनं गुरुवारी चार वाजता बोलावलं. पन्नास मिनिटं, आणि दर आठवड्याला तीच वेळ. यायचं नसेल तर एक दिवस आधी कळवायचं, नाहीतर फी भरावी लागते. हे सगळं तिनं लेखीही पाठवलं. सूतभरला ते आवडलं. निदान इथे नियम तरी होते.

बुधवारी त्यानं तक्रारीचा कागद तयार केला, कंपनीच्या वहीत लिहितात तसा. तक्रार: काम संपल्यावर परत जाणे. केव्हापासून: चौदा महिने. किती वेळा: रोज दोन ते सहा. कंप: हातात, कधीकधी. आवाज: नाही. बायकोनं तो वाचला, 'आवाज: नाही' यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे खोटं आहे. झोपेत ओरडता." त्यानं ते खोडून 'झोपेत' असं लिहिलं.

गुरुवारी पावणेचारला तो तिथे पोहोचला. साधी इमारत, तिसऱ्या मजल्यावर एका जुन्या फ्लॅटची केलेली दोन खोल्यांची कचेरी. तो लिफ्टनं गेला आणि तिथेच घोटाळा झाला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर फरशीच्या खाली थांबली. सूतभर नाही, चांगली तीन सूतं खाली. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला. दोन खुर्च्या, एक पाण्याचा जग, भिंतीवर कसलंच चित्र नाही. त्याला बसवेना. वयस्कर लोक येत असतील, अडखळून तोंडावर पडतील. चार वाजायला दहा मिनिटं होती. खाली जाऊन त्यानं वॉचमनला ओळखपत्र दाखवलं, मशीनरूमची किल्ली घेतली आणि वर गेला.

वर गेल्यावर ब्रेकही सैल निघाला. आता सैल ब्रेक बघून त्याच्यासारखा माणूस उठून येईल होय? तो थेरपीच्या खोलीच्या दारात उभा राहिला तेव्हा चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

थेरपिस्ट चाळिशीची होती. साधे कपडे, डोळ्यांना चष्मा, मांडीवर वही नाही की काही नाही. तिनं हात धुवायची जागा दाखवली आणि म्हणाली की आज चौदा मिनिटं उरली आहेत. सूतभरला राग आला. एवढं काम फुकट करून दिलं, त्याचं काहीच नाही. तो म्हणाला की आमच्याकडे उशिरा पोचलं तरी काम पुरं करूनच निघतात. ती म्हणाली, "इथे वेळ संपली की थांबायचं. काम अर्धं राहिलं तरी." अर्धं काम सोडून थांबायचं, ही गोष्ट त्यानं उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

उरलेल्या वेळात तिनं या खोलीचे नियम समजावले. इथलं बोलणं इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच ती दुसऱ्या कुणाशी बोलेल, आणि तेही शक्यतो त्याला सांगून. ती गोळ्या देत नाही. तिला वाटलं तर डॉक्टरकडे पाठवेल. त्यानं काहीही विचारावं, पटलं नाही तर तसं सांगावं. दोघांचं जमलं नाही तर दुसरा थेरपिस्ट शोधण्यात तीच मदत करेल. आणि सुरुवातीला काही आठवडे जास्तच अस्वस्थ वाटू शकतं, तेव्हा घाबरून जाऊ नये.

"आणि कागद?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली की तो येतोय एवढं ती लिहून देऊ शकते, त्याला हवं असेल तर. ठीक असल्याचं प्रमाणपत्र ती देत नाही. चौदा मिनिटं संपली. सूतभर जिन्यानं खाली उतरला आणि रस्ताभर पुटपुटत गेला. दुरुस्ती करतात पण दुरुस्त झाल्याचं लिहून देत नाहीत, हा कुठला धंदा, असं त्यानं बायकोला सुनावलं. बायको शिलाई मशीनवर पाय मारत म्हणाली, "मग सोडा. जा गोदामात." पुढच्या गुरुवारी तो वेळेवर गेला, आणि जिन्यानं गेला.

दुसऱ्या वेळी त्यानं तक्रारीचा कागद पुढे केला. तिनं तो लक्ष देऊन वाचला. मग घरच्यांबद्दल विचारलं, आईवडिलांबद्दल, आधी कुणाचं दुखणं, कुणाचं जाणं. ब्रेकचं काहीच नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसून गुडघा हलवत होता. जोडीदाराचं विचारल्यावर त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं, कामावर असताना हार्ट ॲटॅकनं गेला. ती काही बोलली नाही. सूतभर थांबला. तीही थांबली. तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की काय, असं वाटून त्यानं खिडकीकडे पाहिलं, पाणी प्यायला, पुन्हा पाहिलं. एवढा वेळ गप्प बसायचे पैसे घेतात, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तो त्यानं बोलून पण दाखवला. ती हसली. म्हणाली, गप्प बसणं कठीण जातं का?

"काम असताना गप्प बसतो की दिवसभर," तो म्हणाला. "बिनकामाचं नाही जमत."

तो आठवडा वाईट गेला. एका इमारतीत तो एका दिवसात नऊ वेळा परतला. दुकानाच्या रांगेत उभं असताना त्याला एकदम रडू फुटलं. हातात साबणाची वडी होती. मागच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर म्हणाला, डोळ्यात काहीतरी गेलं. घरी त्यानं जाहीर करून टाकलं की हे खूळ आता बंद. आधी निदान रडत तरी नव्हतो. बायकोनं आठवण दिली, जास्त त्रास होईल असं त्या आधीच म्हणाल्या होत्या. म्हणाल्या होत्या खऱ्या. त्यामुळे त्याला सोडायलाही सबब उरली नाही. दरम्यान साहेबांचा फोन येऊन गेला, आणि नऊ मजल्यांच्या त्या इमारतीच्या फाटकावर कुणीतरी कंपनीच्या नावानं शेलक्या शब्दांत पाटी लावली होती. त्याला वहिनी आठवल्या. मुदतीचे बारा दिवस उरले होते.

तिसऱ्या गुरुवारी तो आल्याआल्याच म्हणाला की फरक तर नाहीच, उलट वाढलंय. तिनं हरकत घेतली नाही. मग तिनं एक साधा प्रश्न विचारला. परत वर गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता? मला लिफ्टमधलं काही कळत नाही, तेव्हा एकेक गोष्ट सांगा.

सूतभर पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसला. हे त्याचं क्षेत्र. त्यानं सांगायला घेतलं. आधी मेन स्विच बंद करायचा. मग ब्रेकचं झाकण काढायचं, चार बोल्ट असतात. मग लायनरमधली फट मोजायची. त्यासाठी पट्ट्या असतात पातळ, त्या पिशवीत या कप्प्यात असतात.

"हे तुम्ही दिवसातून सहा वेळा करता?" तिनं विचारलं. "सहा वेळा चार बोल्ट?"

तो थांबला. प्रामाणिक माणूस होता. कामाच्या बाबतीत खोटं त्याच्या तोंडून निघायचं नाही. त्यानं आठवून पाहिलं. काल गेला होता. जिना चढला, कुलूप काढलं, दार उघडलं. मग? मग दार लावलं. परवा? परवाही तसंच. पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा नव्हती. सहा वेळांचं राहू दे, चौदा महिन्यांत परत गेल्यावर त्यानं ब्रेकला एकदाही हात लावलेला नव्हता.

"मी झाकण उघडत नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "दार उघडतो, बघतो, आणि येतो."

"काय बघता?"

"जमीन."

गुडघा हलायचा थांबला होता. तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि या वेळी त्या गप्प बसण्याचा त्याला राग आला नाही. मग वेळ संपली.

त्या आठवड्यात तो परत जायचा तेव्हा त्याला ठाऊक असायचं की तो ब्रेकसाठी जात नाहीये. ठाऊक असून जायचा. हे आधीपेक्षा अवघड होतं, कारण आता बायकोला "ब्रेक बघून येतो" म्हणताना जीभ अडखळायची. एकदा नुसतंच "जाऊन येतो" म्हणाला. बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

चौथ्या गुरुवारी, मुदतीला पाच दिवस उरलेले असताना, त्यानं ते सांगितलं. सांगायचं असं ठरवून गेला नव्हता. बसला, पाणी प्यायला आणि सांगून मोकळा झाला.

त्या दिवशी तो खाली खड्ड्यात होता. जोडीदाराचा वरून फोन आला, जरा गरगरतंय, वर ये. हातात अर्धा कसलेला बोल्ट होता. तो म्हणाला, दहा मिनिटांत आलो, एवढं उरकतो. दहा मिनिटांची पंचवीस झाली. बोल्ट कसून झाल्यावर त्यानं लेव्हल पाहिली, ती थोडी कमी होती, म्हणून पुन्हा सैल करून बसवली. मग चढून वर गेला, दार उघडलं, तर जोडीदार जमिनीवर पालथा.

"फोनचं कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगितलं, काम झाल्यावर वर गेलो तर असं. डॉक्टरांना पण. आता तुम्हीच सांगा मॅडम. माझ्यामुळे गेला की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी ऐकून घेईन."

ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर तुम्ही मानाल?"

त्यानं विचार केला. मानलं नसतं. पैसे घेतलेत म्हणून बरं बोलतेय, असंच वाटलं असतं. आणि हो म्हणाली असती तर तो या खोलीतून उठलाच नसता.

"हे सांगायची सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटते?" तिनं विचारलं.

"वहिनींची."

तिनं जा म्हटलं नाही, जाऊ नका असंही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली की आज तुम्ही फार अवघड गोष्ट बोललात, ती आजच संपवायची घाई करू नका, पुढच्या गुरुवारी मी इथेच आहे. आणि वेळ संपली. सूतभर तणतणत बाहेर पडला. बत्तीस वर्षांत त्यानं कुठलीही लिफ्ट अशी उघडी टाकून सोडली नव्हती, आणि या बाईनं त्याला सताड उघडा करून रस्त्यावर सोडला होता. घरी जायच्या बसच्या थांब्यावरून तो तसाच पुढे गेला. घाई करू नका म्हणाली होती, हे त्याला आठवत होतं. पण पाय त्याचं कधी ऐकत होते?

नऊ मजले चढताना तो सहाव्यावर बसला, आठव्यावर बसला. नवव्यावर दारासमोर उभा राहिला. त्यानं घंटा वाजवली.

वहिनींना यायला वेळ लागला. काठीचा आवाज आधी आला. दार उघडून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, या म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती, खालचा रस्ता दिसेल अशी ओढून ठेवलेली. सूतभर बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं फोनचं सांगितलं, दहा मिनिटांचं सांगितलं, बोल्टचं सांगितलं. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"पंचवीस?" वहिनींनी विचारलं.

"हो. पंचवीस."

त्या खुर्चीवर बसल्या. मग बोलल्या ते त्याच्याकडे न बघताच.

"त्यांनी आधी मला फोन केला होता, भावजी. गरगरतंय म्हणाले. मी म्हटलं, डबा खाल्ला नसेल, पाणी प्या, बसा जरा. माझं तिकडे दूध उतू जात होतं. मी फोन ठेवला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, तुम्हाला ते कळलंय. त्यांनी तुम्हाला सांगितलं असणार, की हिला सांगितलं तर हिनं मनावर घेतलं नाही. म्हणून तुम्ही माझं तोंड बघत नाही. तुमची पावलं मला ओळखता येतात. एक दिवसाआड दारावरून जाता. दर वेळी मी आत उभी राहायची. चौदा महिने मी हेच धरून बसलेय, की भावजी मला माफ करत नाहीत."

हे सूतभरच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपलं पाप लपवत तो या दारावरून मान खाली घालून जात होता, आणि दाराच्या आतल्या बाईला त्याचं एकेक पाऊल टोचत होतं. तो कसाबसा म्हणाला, "वहिनी, मला काहीच माहीत नव्हतं. तो तुमच्याबद्दल काही बोलला नाही."

वहिनी रडल्या. मग चिडल्या. हे आधी सांगितलं असतं तर, असं म्हणाल्या आणि ते वाक्य अर्धवटच राहिलं. तो उभाच होता. शेवटी त्या म्हणाल्या, "आज मला तुमच्याशी आणखी बोलायचं नाही. पण उद्या अकराला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचंय. तीनदा तारीख चुकली. लिफ्ट चालू करा."

तो वर गेला. मशीनरूमचं दार उघडलं. जमीन रिकामी होती, तेलाचे दोन डाग तेवढे. तिच्याकडे त्यानं पोटभर पाहून घेतलं, मग पिशवी खाली ठेवली, मेन स्विच बंद केला आणि चारही बोल्ट काढले. फट बरोबर होती. झाकण लावून, जमिनीवर मांडी घालून त्यानं कागदावर सही केली. सही वाकडी आली, पण आली. मेन स्विच चालू केला आणि कागद लिफ्टमध्ये लावला. साहेबांना फोन करून त्यानं एवढंच सांगितलं की लिफ्ट चालू झाली, आणि गुरुवारी चारला मी कामावर नसेन, पुढच्या आठवड्यातच नाही, त्यानंतरही. साहेब बरं म्हणाले. त्या संध्याकाळी तो कोपऱ्यावरून दोनदा मागे वळला. तिसऱ्यांदा वळता वळता बायकोला फोन लावला आणि बस येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिला. जोडीदाराच्या त्या फोनचं तिला अजून सांगितलेलं नव्हतं. घरी पोचल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला तो खाली लिफ्टसमोर उभा होता. वरचे आकडे उलटे सरकत आले आणि दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. हसल्या नाहीत. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्याच्या दंडाला धरला. टॅक्सी फाटकाबाहेर उभी होती, तिथपर्यंत वीस-पंचवीस पावलं.

"ते काय म्हणाले, ते मला सगळं सांगा," वहिनी म्हणाल्या. "एकेक शब्द. तुम्ही काल तुमचंच जास्त सांगितलंत."

सूतभरनं आठवलं. त्याला आठवावं लागलं नाही खरं तर.

"म्हणाला, 'लेका, जरा गरगरतंय. वर ये.' मी म्हटलं, दहा मिनिटं. तर म्हणाला, 'ये सावकाश. येताना दोन चहा सांग.'"

वहिनी चालायच्या थांबल्या.

"दोन?"

"दोन. त्याला आणि मला."

"म्हणजे घाबरले नव्हते."

"नाही वहिनी. आवाज नेहमीसारखा होता."

त्यांनी मान हलवली. दंडावरची पकड घट्ट झाली. टॅक्सीवाला दार उघडून वाट बघत होता. वहिनी भर फाटकात तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा."